ग्रेट अल्पाइन रोड: आई-बाबांना घेऊन, साध्या गाडीने, किती दिवसांत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे दोन वर्षांपासून मेलबर्नला आहेत. नाशिकहून आई-बाबा येणार आहेत, वय ६८ आणि ७२. त्यांना व्हिक्टोरियातल्या ग्रेट अल्पाइन रोडने ऑस्ट्रेलियातले आल्प्स डोंगर दाखवायचे आहेत आणि जमलं तर बर्फही, म्हणून जुलै, म्हणजे इथला हिवाळा, मनात आहे. गाडी साधी टू-व्हील ड्राइव्ह. पहाटे निघून रात्री घरी परत येता येईल का? कसारा घाटात बरीच वर्षं गाडी चालवली आहे, तेवढा अनुभव पुरेल का?

मी या रस्त्यावर वीस वर्षं पर्यटकांची छोटी बस चालवतो आहे, चारही ऋतूंत. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. एका दिवसात नाही. जुलैत, त्या गाडीने, पहिल्याच खेपेला तर नकोच. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तीन रात्री काढून जा. कसाऱ्याचा अनुभव नक्की उपयोगी पडेल, पण तुम्हाला वाटतंय त्या कारणासाठी नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी अंतर बघा. मेलबर्नहून ह्यूम फ्रीवेने वांगरॅटा सुमारे अडीचशे किलोमीटर. तिथे ग्रेट अल्पाइन रोड सुरू होतो आणि मर्टलफर्ड, ब्राइट, हॅरिएटव्हिल, हॉथम, ओमिओ, ब्रूथन करत बेअर्न्सडेलला पोचतो. हे झाले तीनशेहून थोडे जास्त. बेअर्न्सडेलहून मेलबर्न आणखी सुमारे २८०. म्हणजे एकूण सव्वाआठशे किलोमीटरच्या पुढे, आणि त्यातला मधला मोठा भाग वळणांचा. एका दमात केलंत तर आई-बाबांना डोंगर दिसणार नाही, गाडीची पुढची काच दिसेल.

लोक मला विचारतात, या रस्त्यावर बघण्यासारखं काय आहे? मी म्हणतो, हॅरिएटव्हिल ते ओमिओ हे ८५-९० किलोमीटर. बाकीचं सगळं सुंदर आहे, पण जीव या टप्प्यात आहे. म्हणून आखणी अशी करा की हा टप्पा सकाळी, ताज्या मनाने आणि हातात अख्खा दिवस ठेवून पार होईल. पहिली रात्र ब्राइटला, दुसरी ओमिओला किंवा त्याच्या अलीकडे डिनर प्लेनला, तिसरी खाली समुद्राजवळ मेटुंगला नाहीतर बेअर्न्सडेलला. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवा. उलट दिशेनेही जाता येतं, पण वांगरॅटाकडून गेलं की डोंगर हळूहळू मोठा होत जातो आणि शेवटी पाणी दिसतं. हा क्रम मला जास्त भावतो.

पहिला दिवस ओव्हन्स नदीच्या खोऱ्याचा. मर्टलफर्डच्या आसपास शेतांत उंच, अरुंद, पत्र्याची जुनी घरं उभी दिसतील. खिडक्या जवळजवळ नाहीतच. त्या तंबाखू सुकवायच्या भट्ट्या. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीहून आलेल्या कुटुंबांनी हे खोरं तंबाखूवर उभं केलं. २००६ मध्ये इथली तंबाखूची लागवड बंद झाली आणि भट्ट्या तेवढ्या मागे राहिल्या. आता तिथे द्राक्षं, अक्रोड, चेस्टनट, आणि युरोबिनजवळ बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सचे उंच मांडव आहेत. एप्रिलअखेर मांडव रिकामे असतात, वेल मार्चमध्येच उतरवलेले असतात. बाबांना शेतीची आवड असेल तर इथे गाडी सावकाश चालवा.

पोरेपंकाहून उजवीकडे माउंट बफेलोचा रस्ता फुटतो. वेळ असेल तर अर्धा दिवस द्या. ग्रॅनाइटचे प्रचंड गोल दगड आणि १९१० सालचं लाकडी शॅले, म्हणजे डोंगरातलं जुनं हॉटेल, बघायला मिळतं. तिथेच जवळ बकलंड नदीचं खोरं आहे. ४ जुलै १८५७ रोजी सोन्याच्या खाणींवरच्या गोऱ्या जमावाने तिथल्या सुमारे दोन हजार चिनी खाणकामगारांवर हल्ला करून त्यांना हुसकून लावलं. त्यांचे तंबू आणि देऊळ जाळलं, माणसं मेली. मी माझ्या प्रवाशांना हे सांगतोच. परदेशातून पोटासाठी आलेल्यांच्या बाबतीत हे घडलं होतं, आणि आपणही परदेशातून पोटासाठीच आलेलो आहोत.

ब्राइटमध्ये एप्रिलच्या शेवटी रस्त्याकडेची झाडं लाल-पिवळी झालेली असतात. ही झाडं मूळची इथली नाहीत, युरोपीय रहिवाशांनी लावलेली आहेत. निलगिरीच्या जातींची पानं अशी एकदम झडत नाहीत. त्या दिवसांत तिथे शरद ऋतूचा उत्सव असतो आणि २५ एप्रिलच्या अँझॅक डेची, म्हणजे सैनिकांच्या स्मरणदिनाची, सुट्टीही त्यात येते, म्हणून खोली दोन-तीन महिने आधी घ्या. स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर आईंना बरं वाटेल. ओमिओच्या बाजूला शाकाहारी जेवणाचे पर्याय थोडे आहेत. सोबत दशम्या, चटणी, मेतकूट आणि तांदूळ असू द्या.

आता दुसरा दिवस. ब्राइटमध्ये टाकी पूर्ण भरा. पुढचा भरवशाचा पंप मी ओमिओलाच धरतो. साडेआठला निघा, नऊला हॅरिएटव्हिल. हे गाव सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. इथून हॉथमपर्यंतच्या ३० किलोमीटरमध्ये रस्ता जवळजवळ १,८४० मीटरपर्यंत चढतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा दोनशे मीटर उंचावरून तुमची गाडी डांबरी रस्त्याने जाणार आहे. वर्षभर खुला राहणारा इतक्या उंचीवरचा डांबरी रस्ता ऑस्ट्रेलियात दुसरा नाही. बाबांना एवढं सांगून ठेवा, चढ लागला की ते स्वतःच खिडकीला नाक लावतील.

कसाऱ्याच्या अनुभवाचा विषय इथे येतो. चढावर गाडी कशी खेचायची हे तुम्हाला येतंच, आणि इथल्या गाड्यांना त्याचं काही वाटत नाही. खरी उपयोगी सवय म्हणजे उतरताना गिअर खाली ठेवून इंजिनावर गाडी धरायची. आपल्याकडे घाटात जुने ड्रायव्हर हे पहिलं शिकवतात. इथे ऑटोमॅटिक गाडी चालवणारे बहुतेक जण पूर्ण उतार ब्रेकवर उतरतात आणि खाली येईपर्यंत ब्रेकचा जळका वास सुटलेला असतो. तुमच्या ऑटोमॅटिकमध्ये एल (खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड असेल. तो आदल्या दिवशी सपाटीवर वापरून बघा.

आणि कसाऱ्याची एक सवय घरी ठेवून या. वळणावर हॉर्न देऊन समोरच्याला सांगायची पद्धत इथे नाही, तुम्ही दिलात तरी समोरचा तो अर्थ घेणार नाही. इथला नियम एकच, आपली लेन सोडायची नाही. शनिवार-रविवारी या रस्त्यावर मोटारसायकलवाले झुंडीने येतात आणि वळणात आतल्या रेषेवर झुकलेले असतात. सायकलवालेही असतात. चढाच्या पहिल्या भागात ‘द मेग’ नावाचं एक तीव्र, एकदम उभं होणारं वळण आहे. सायकलवाल्यांना ते नावानिशी ठाऊक असतं आणि तिथे ते जवळजवळ थांबलेले दिसतात. मागे रांग लागली तर पहिल्या मोकळ्या जागेत बाजूला घ्या, लोकांना जाऊ द्या. घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही.

चढताना झाडं बदलतात, ते आई-बाबांना दाखवा. खाली मिश्र जातींचं दाट जंगल आणि ओढ्याकाठचे वृक्षनेचे. मग सरळ, उंच, देवळाच्या खांबांसारखी झाडं सुरू होतात. ती अल्पाइन ॲश. मग अचानक डोंगराच्या कडेला करड्या, पानं नसलेल्या खोडांच्या रांगाच्या रांगा दिसतात. पहिल्यांदा बघणाऱ्यांना वाटतं की थंडीने पानं झडली आहेत. तसं नाही, ती मेलेली झाडं आहेत. २००३ च्या जानेवारीत विजांनी लागलेल्या आगीत आणि पुन्हा २००६-०७ च्या उन्हाळ्यात इथले डोंगर जळाले. दोन्ही वेळी व्हिक्टोरियात दहा लाख हेक्टरहून जास्त जमीन होरपळली. २०१३ मध्ये हॅरिएटव्हिलच्या बाजूला आणि २०१९-२० मध्ये पुन्हा. इतर अनेक निलगिरी जळाल्या तरी खोडातून पुन्हा फुटतात, अल्पाइन ॲश मात्र मोठ्या आगीत मरते आणि फक्त बियांतून परत येते. रोपाला स्वतःचं पुरेसं बी धरायला वीसेक वर्षं लागतात. त्याआधी दुसरी आग आली की रोपंही गेली आणि बीही गेलं. मग ते जंगल आपोआप परत येत नाही. म्हणून इथे विमानातून आणि हेलिकॉप्टरमधून बी पेरावं लागलं. करड्या खोडांच्या खाली हिरव्या रोपांचा दाट थर दिसला तर समजा, तिथे बी रुजलं. मला हा भाग नुसता ओलांडून जाववत नाही. दर वर्षी मी ती रोपं किती वाढली ते बघतो.

आणखी वर स्नो गम लागतात. वाकडी, बुटकी, वाऱ्याने पिळलेली झाडं. पाऊस पडून गेल्यावर त्यांच्या सालीवर हिरवट, तांबूस, मलईच्या रंगाचे पट्टे असे उजळतात की कुणी ओल्या कुंचल्याने ओढले असावेत. गाडी लावा आणि आईंना हात लावू द्या. साल थंड आणि गुळगुळीत लागते.

माउंट सेंट बर्नार्डच्या पुढे झाडं संपायला लागतात आणि रस्ता धारेवरून जातो. दोन्ही बाजूंना दरी, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, आणि दोन्हीकडे ओळीने उभे उंच केशरी खांब. बर्फात रस्ता दिसेनासा झाला की हे खांबच रस्त्याची कड सांगतात. एप्रिलच्या निळ्या आकाशाखाली ते उगाच उभे असल्यासारखे वाटतात. ऑगस्टमधल्या धुक्यात मी एका खांबावरून पुढचा खांब शोधत बस पुढे काढली आहे, तेव्हापासून मला त्यांच्याबद्दल माया आहे. ड्रायव्हरने इथे देखावा बघायचा नाही. थांबायला जागा आहेत. डॅनीज लुकआउटला थांबा, आणि डायमंटिना हटपाशी तर नक्की. तिथून रेझरबॅकची लांब, निमुळती धार माउंट फेदरटॉपकडे गेलेली दिसते. १,९२२ मीटरचं फेदरटॉप हे व्हिक्टोरियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर. तिथपर्यंतची वाट जाऊन-येऊन २२ किलोमीटर आहे, ती तुमच्यासाठी नाही. पण सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं बाबा काठी घेऊन सहज चालतील. वाऱ्यासाठी कानटोपी मात्र हवीच. खाली ब्राइटमध्ये स्वेटरवर भागलं तरी वर वारा हाडात शिरतो.

माउंट हॉथम हे बर्फाचं गाव डोंगराच्या पायथ्याशी नाही, माथ्याशी वसलं आहे. लोक घसरत खाली जातात आणि यंत्राने वर येतात. एप्रिलमध्ये ते सुनसान असतं, म्हणून बहुतेक गाड्या न थांबता निघून जातात. मला विचाराल तर या संपूर्ण रस्त्यावरची सर्वांत मोलाची गोष्ट इथेच, चाकांच्या खाली आहे.

माउंटन पिग्मी पॉसम नावाचा उंदराएवढा प्राणी आहे, वजन साधारण ४५ ग्रॅम, पोटाला पिशवी, लांब शेपटी. १८९५ साली गुहेत सापडलेल्या जुन्या हाडांवरून शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं होतं आणि तो कधीच नामशेष झाला असं सगळे मानत होते. १९६६ च्या ऑगस्टमध्ये हॉथमवरच्या एका स्कीअरांच्या झोपडीत तो जिवंत सापडला. तो मोठमोठ्या दगडांच्या राशींमध्ये, बर्फाच्या पांघरुणाखाली, कित्येक महिने झोपून हिवाळा काढतो. माद्या वरच्या चांगल्या दगडांत राहतात, नर खालच्या उतारांवर. वसंतात नर वर येतात, वीण झाली की पुन्हा खाली जातात. हा रस्ता आणि स्कीची बांधकामं त्यांच्या वाटेच्या मधोमध आली. नरांना परत जाता येईना, ते माद्यांच्याच जागेत राहिले, आणि हिवाळ्यात माद्यांचं मरण वाढलं. मग १९८५ मध्ये दगडांची एक वाट रचून तिला रस्त्याखालून दोन छोटे बोगदे काढून दिले. नरांनी ते वापरले आणि माद्या हिवाळ्यात पुन्हा तगू लागल्या. इथले लोक त्याला प्रेमाचा बोगदा म्हणतात. गाडीतून काही दिसत नाही आणि प्राणी निशाचर आहे, त्यामुळे तो दिसण्याची आशा धरू नका. पण लाखो रुपयांच्या गाड्या जिथून जातात त्या डांबराखाली कुणीतरी एका मुठीएवढ्या जिवासाठी वाट ठेवली आहे, हे तिथे उभं राहून आई-बाबांना जरूर सांगा.

त्याचं मुख्य खाणं म्हणजे बोगाँग पतंग. हे पतंग क्वीन्सलँडच्या दक्षिण भागातून आणि न्यू साउथ वेल्सच्या मैदानांतून, काही तर हजार किलोमीटर उडून, उन्हाळा काढायला या थंड कपारींत येतात. रस्ता व्हायच्या हजारो वर्षं आधी याच पतंगांसाठी इथले आदिवासी उन्हाळ्यात डोंगरावर जमत, पतंग भाजून खात, आणि त्या निमित्ताने निरनिराळ्या समाजांच्या भेटीगाठी होत. २०१७ पासूनच्या दुष्काळात पतंगांची संख्या भयंकर घटली आणि पॉसमची पिल्लं उपाशी राहिली.

हॉथमहून डिनर प्लेन दहा-बारा किलोमीटर. जुन्या काळी घोडागाड्या दुपारच्या जेवणासाठी इथे थांबत, त्यावरून नाव पडलं. आत्ताची लाकडी-पत्र्याची घरं १९८० च्या दशकात पीटर मॅकिन्टायर या वास्तुशिल्पकाराने गुराख्यांच्या झोपड्यांवरून रचली. स्नो गमच्या मधोमध ती घरं झाडांशी भांडत नाहीत. डबा इथे खा.

पुढे ओमिओपर्यंत उतार सोपा आहे, गवताळ टेकड्या आणि गुरं. ओमिओला पोचल्यावर ओरिएंटल क्लेम्स बघायला अर्धा तास काढा. सोन्यासाठी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी टेकड्या कापून काढल्या होत्या, ते उभे कापलेले कडे अजून तसेच आहेत. तिथेही चिनी खाणकामगारांचा मोठा वाटा होता.

एक गंमत सांगतो. सगळ्यांना वाटतं की हॉथमला डोंगराचा माथा ओलांडला, आता पाणी समुद्राकडे वाहणार. ओमिओचा ओढा मात्र मिट्टा मिट्टा नदीतून उत्तरेला मरे नदीला मिळतो आणि ते पाणी थेट दक्षिण ऑस्ट्रेलियात जाऊन समुद्राला लागतं. महाबळेश्वरला समुद्र जवळ असून कृष्णा बंगालच्या उपसागराची वाट धरते, तसंच. खरी पाणलोटाची धार तुम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी, ओमिओच्या पुढे टाँगिओ गॅपला ओलांडता. खिंड साधीच आहे, लक्षातही येत नाही. तिच्या पलीकडचं पाणी टॅम्बो नदीतून गिप्सलँडच्या सरोवरांत जातं.

टॅम्बोचा टप्पा रमत-गमत करा. स्विफ्ट्स क्रीक, एन्से, ब्रूथन. रस्ता नदीला चिकटून सारखा वळतो, म्हणून गाडी लागणाऱ्याला पुढे बसवा आणि नाश्ता हलका ठेवा. बेअर्न्सडेलला सेंट मेरीज चर्चमध्ये नक्की जा. १९३० च्या मंदीत काम नसलेल्या फ्रँक फ्लोरिआनी नावाच्या इटालियन चित्रकाराने त्याची भिंत न् भिंत, छतसुद्धा, रंगवलं आहे.

तिन्ही दिवस एक पथ्य पाळा, साडेचारनंतर गाडी चालवायची नाही. एप्रिलअखेर सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि कांगारू, वॉम्बॅट, सांबर त्याच वेळी रस्त्यावर येतात. ही सांबरं आपल्याकडचीच, एकोणिसाव्या शतकात शिकारीसाठी आणून सोडलेली. समोर आलं तर जोरात ब्रेक दाबा, पण चाक फिरवू नका. इथे जनावर चुकवताना दरीत किंवा झाडावर गेलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. मधल्या बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नसते, नकाशा आधी उतरवून घ्या आणि निघायच्या सकाळी रस्ता खुला आहे ना ते तपासा व आगीची सूचना देणारं व्हिकइमर्जन्सी ॲप बघा.

आता तुमचा बर्फ. जूनच्या दुसऱ्या सोमवारच्या सुट्टीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत इथे अधिकृत बर्फाचा हंगाम असतो. त्या काळात या टप्प्यावर चाकांच्या साखळ्या गाडीत ठेवाव्याच लागतात, फोर-व्हील ड्राइव्ह असली तरी. त्या इंजिनाने फिरणाऱ्या चाकांवर, म्हणजे तुमच्या गाडीत बहुधा पुढच्या, चढवायच्या आणि मग चाळीसच्या आत चालवायचं. भाड्याची गाडी असेल तर बर्फात विमा लागू आहे का ते आधी लेखी विचारा, बऱ्याच करारांत नसतो. डिझेल गाडी असेल तर खालच्या गावातून अल्पाइन डिझेल भरा, साधं डिझेल रात्रीतून मेणासारखं घट्ट होतं. वर गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका, तो गोठून बसतो. गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा आणि वायपर उभे करा.

साखळ्या भाड्याने घेतल्यात तर दुकानासमोरच एकदा चढवून बघा. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात एका दुकानातून घेतलेल्या पिशवीवर माझ्या टायरचा बरोबर आकडा होता. वर, बर्फमिश्रित पावसात, गुडघ्याखाली रबरी पायपुसणं घालून मी ती उघडली तर आत दुसऱ्याच मापाची साखळी. बोटं बधिर होईपर्यंत खटपट केली, कडी चार बोटं कमीच पडत होती. आत अकरा माणसं बसलेली. तिथूनच गाडी वळवली आणि माणसाच्या चालीच्या वेगाने हॅरिएटव्हिलला उतरलो. त्या रस्त्यावरची सगळ्यात घातक गोष्ट पांढरा बर्फ नाही. सावलीतल्या वळणावर डांबरावर जमलेला पातळ, पारदर्शक थर दिसतच नाही, आणि कसाऱ्याच्या पावसात शिकलेलं काहीही त्यावर चालत नाही.

म्हणून आई-बाबांना बर्फ दाखवायचाच असेल तर जुलैत ब्राइटला मुक्काम करा, गाडी तिथेच ठेवा आणि हॉथमला जाणाऱ्या बसने वर जा. बूट आणि जाड कपडे ब्राइटमध्ये भाड्याने मिळतात. बर्फात तास-दीड तास पुरतो, त्यानंतर बाबांना गरम चहा आणि बसायला खुर्ची हवी असते. पण त्या दिवशी त्यांना रस्ता दिसणार नाही, धुकं आणि केशरी खांब दिसतील. एप्रिलमध्ये बर्फाची खात्री नाही, कधी पहाटे स्नो गमवर पातळ थर पडलेला सापडतो आणि दहापर्यंत वितळतो. तसं झालं तर ब्राइटहून अर्धा तास उशिरा निघा.